गाडीखालचे काम बाकावर : उतारवयातील वाहनदुरुस्ती आणि चालते घर

वाहनाची दुरुस्ती हे अंगमेहनतीचे काम आहे अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे, साठी ओलांडलेल्या माणसाने हातातला पाना आता खाली ठेवावा असे घरातले आणि शेजारचे सहज सुचवतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. दुरुस्तीच्या कामाचे दोन भाग असतात : बिघाड नेमका कुठे आहे हे शोधून काढणे, आणि बिघडलेला भाग उतरवून, नीट करून किंवा बदलून पुन्हा बसवणे. पहिल्या भागाला सबुरी, आठवण आणि क्रमाने विचार करण्याची सवय लागते, व हे गुण अनुभवाने वाढतात. दुसऱ्या भागाला जोर, लवचीक सांधे आणि जवळची स्वच्छ नजर लागते, आणि वय नेमके तेच काढून घेत जाते. त्यामुळे उतारवयातील छंदी दुरुस्तीकारापुढचा खरा प्रश्न एवढाच उरतो की, गाडीखाली आडवे पडून करायच्या कामातला जास्तीत जास्त भाग कमरेच्या उंचीच्या बाकावर, उजेडात आणि बसून करण्याजोगा कसा करून घ्यायचा.

या प्रश्नाला भंडारा जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. धान, पितळी भांडी आणि कोसा या तीन गोष्टींनी ओळखला जाणारा हा जिल्हा यंत्रकामाचाही जिल्हा आहे. लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना असून तेथे अवजड वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. जवाहरनगरला आयुध निर्माणी, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, तर तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. या कारखान्यांत आणि खाणींत आयुष्य घालवून निवृत्त होणाऱ्या पिढीच्या बोटांत मोजमापाची आणि जुळवणीची जाण असते, आणि ती निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून येण्याची गोष्ट नव्हे. शिवाय राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी आणि साकोली या गावांवरून जात असल्याने ट्रकदुरुस्ती, वेल्डिंग, पाटे आणि टायर यांची कामे करणारे मिस्त्री रस्त्याच्या काठाने भेटतात, आणि जे सुटे भाग येथे मिळत नाहीत त्यांसाठी सुमारे ६० किलोमीटरवर नागपूरची बाजारपेठ आहे. छंद म्हणून एखादे जुने वाहन सांभाळायचे असेल तर याहून सोयीची जागा पूर्व विदर्भात दुसरी क्वचितच मिळेल.

कोणते वाहन सांभाळावे याचे उत्तर वयाशी जोडलेले आहे, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. १९७२ पासून अनेक वर्षे तयार झालेली पेट्रोलवरची बजाज चेतक स्कूटर या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचे इंजिन मागच्या चाकालगत उजव्या बाजूला असते आणि पत्र्याचे झाकण काढले की प्लग, कार्बुरेटर व पंखा खुर्चीवर बसून हाताशी येतात. चाके मोटारीप्रमाणे नटांनी बसवलेली असून आस एकाच बाजूने धरलेला असल्यामुळे साखळी काढण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पुढचे, मागचे व जादा चाक एकमेकांच्या जागी चालते. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या मारुती ओम्नीचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे. आसन उचलले की इंजिनाचा वरचा भाग गाडीच्या आतूनच, पावसापासून आडोशाला, दिसू लागतो. याउलट अलीकडच्या कित्येक मोटारींमध्ये साधा दिवा बदलण्यासाठीही पुढचा बंपर सोडवावा लागतो. छंदासाठी वाहन निवडताना रुबाबाच्या किंवा वेगाच्या आधी, नेहमी लागणाऱ्या भागांपर्यंत हात पोचण्यासाठी किती वाकावे लागते हे पाहावे, असे म्हणणे म्हणूनच व्यवहाराला धरून आहे.

शरीरात होणारे बदल नेमके समजून घेतले तर त्यांवरचे उपायही नेमके सुचतात. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते व जवळचे दिसणे कमी होते, हे सर्वांना माहीत असते. परंतु बाहुली लहान होत जाणे आणि भिंग पिवळसर पडणे या दोन कारणांनी साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. म्हणजे तरुणाला पुरणाऱ्या उजेडाच्या तिप्पट उजेड वृद्धाला लागतो, आणि डोक्याला बांधायचा एलईडी दिवा ही चैनीची वस्तू न राहता मूलभूत हत्यार ठरते. वाचनाचा चष्मा साधारण फूटभर अंतरासाठी केलेला असतो. इंजिनापाशी काम दोन फुटांवर चालते, त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडून त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला तर नटाच्या कडा गोल होणे आणि आटे जाणे यांसारखे बरेच अपघात आपोआप टळतात.

जोराचा प्रश्न भौतिकशास्त्राने सुटतो. नट फिरवण्यासाठी लागणाऱ्या पिळाला टॉर्क म्हणतात, आणि तो हाताचा जोर व पान्याच्या दांड्याची लांबी यांच्या गुणाकाराएवढा असतो. मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळलेला असतो असे धरले, तर २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे ५१ किलो वजनाइतका जोर द्यावा लागेल; दांडा ५० सेंटिमीटरचा घेतला की तेच काम सुमारे २० किलोच्या जोरात होते. गंजलेला नट सोडवण्यापूर्वी त्यावर झिरपणारे तेल टाकून तो रात्रभर तसाच ठेवणे हाही जोर वाचवण्याचाच उपाय होय, आणि निवृत्त माणसाजवळ ती रात्र असते, जी गॅरेजच्या मिस्त्रीजवळ नसते. मात्र लांब दांड्याला एक धोका चिकटलेला आहे : नट अचानक सुटला तर तोल जातो, आणि सत्तरीत पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे. म्हणून पाना ढकलू नये, स्वतःकडे ओढावा, आणि शक्यतो बसून ओढावा. आवळताना तर टॉर्क पाना वापरणे अत्यावश्यक समजावे, कारण कमी झालेल्या पकडीमुळे ‘हाताला लागेल तेवढे’ हे जुने माप आता विश्वासाचे राहिलेले नसते.

गाडी उचलण्याबाबत कोणतीही सवलत संभवत नाही. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो आणि त्या तेलाला एक लहानसे रबरी सील अडवून धरते; सील झिजले की गाडी हळू किंवा एकदम खाली येते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. उचलल्यानंतर गाडीचा भार पोलादी स्टँडवर टेकवावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, आणि विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे कदापि वापरू नयेत, कारण ते वाकून पूर्वसूचना देत नाहीत, एका क्षणात फुटतात. तरुण मिस्त्री गाडीखालून झटकन बाहेर सरकू शकतो या गृहीतावर गावोगावच्या अनेक धाडसी पद्धती टिकून आहेत; वृद्धाला ते गृहीत लागू पडत नाही.

या धोक्यांच्या जोडीला भंडाऱ्याचा उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या बराच वर, कधी ४५ च्या आसपास जातो, आणि टिनाच्या छपराखालची गॅरेजची खोली त्याहूनही तापते. वृद्धाला घाम उशिरा व कमी येतो, तहान लागल्याची जाणीवही मंदावते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. अशा अवस्थेत उकिडवे बसून एकदम उठले की रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. मोठी कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत करावीत, उन्हाळ्यात पहाटेचे दोन तास तेवढे वापरावेत, आणि जमिनीवरून उठताना आधी स्टुलावर काही क्षण बसावे. हृदयाला पेसमेकर बसवलेला असल्यास वेल्डिंगपासून आणि चालू इंजिनाच्या इग्निशन कॉइलपासून अंतर राखणे आवश्यक असते, व ते किती हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.

दुरुस्तीच्या या छंदाला अलीकडे चालत्या घराची, म्हणजे कॅराव्हॅनची, जोड मिळू लागली आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रसाधनाची सोय असलेले वाहन ही कल्पना पूर्व विदर्भातील या झाडीपट्टीला तशी परकी नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला किंवा दूरच्या जत्रेला जाताना बैलगाडीवर ताट्याचे छप्पर चढवून, खाली तणस अंथरून आणि शिधा बांधून कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीचा प्रवास करीत असत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, आणि त्यात अशा गाड्यांबरोबरच त्या उभ्या करण्याच्या जागांचाही विचार केला. भंडारा जिल्ह्याभोवती नागझिरा, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण आणि रावणवाडीचा जलाशय असल्यामुळे, दोन दिवसांच्या लहान सहलीसाठी स्वतः सजवलेली गाडी घेऊन निघण्याची इच्छा निवृत्त दांपत्याला व्हावी हे स्वाभाविक आहे.

या इच्छेला कायद्याची चौकट आहे आणि ती आधी जाणून घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने नमूद केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कारखान्यातून कॅराव्हॅन म्हणून बाहेर पडणाऱ्या वाहनांसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे. घरच्या घरी छप्पर उंच करणे, सांगाडा कापणे, खिडक्या पाडणे किंवा आसनसंख्या बदलून मोकळे होणे त्यामुळे धोक्याचे ठरते, आणि असा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारण्याचा संभव असतो. याउलट काढता-घालता येणारा पलंग, सुटी पेटी, पडदे, घडीची चूल-मांडणी आणि स्वतंत्र बॅटरीची पेटी ही घरगुती सामानासारखी असून ती गाडीच्या रचनेला हात लावत नाहीत. ‘एमएच ३६’ नोंदणीच्या वाहनधारकाने काम हाती घेण्यापूर्वी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. तोंडी आश्वासन नंतर उपयोगी पडत नाही.

काढता येण्याजोग्या सामानाचा आणखी एक लाभ असा की ते सगळे बाकावर बनवता येते. पलंगाची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवली तर गुडघ्यांवर ताण न येता उठता येते. दारापाशी एक जादा पायरी आणि मूळ आसनांच्या बोल्टला धरलेली मूठ असावी. रात्री उठताना पाय कुठे पडतो ते दिसावे म्हणून जमिनीलगत मंद दिवा असावा. पाण्याची टाकी छतावर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो वजन असते आणि ते वर गेले की वळणावर गाडी कलते.

विजेची व्यवस्था हा या छंदातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर घराचे दिवे-पंखे चालवल्यास सकाळी गाडी सुरू होत नाही, म्हणून दुसरी, घराची बॅटरी वेगळी ठेवतात. गरज मोजण्याची रीत सोपी आहे : ३० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २४० वॅट-तास, १० वॅटचे दिवे पाच तास म्हणजे ५०, आणि झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासाठी लागणारे यंत्र कुणी वापरत असेल तर त्याचे साधारण ३०० ते ४००, म्हणजे एका रात्रीला सुमारे ७०० वॅट-तास पुरतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदोपत्री १,२०० वॅट-तास देते, पण ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे हाती ६०० च उरतात, आणि तिचे वजन ३० किलोच्या घरात जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी जवळजवळ सगळी वापरता येते व तिचे वजन साधारण १२ किलो भरते. तिची किंमत अधिक असली तरी, पाठीच्या मणक्यांचा विचार करता, वृद्धाने येथे काटकसर करू नये. बंद गाडीत मे महिन्यात साचणारी उष्णता दोन्ही प्रकारच्या बॅटरीला मारक असते, आणि १२ किलोची बॅटरी सहल संपल्यावर उचलून घरात नेणे शक्य होते. सपाट छतावरची १०० वॅटची सौर पट्टी स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४०० वॅट-तास देते. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

१२ व्होल्टच्या विजेने झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते, आणि येथेच आगी लागतात. १,००० वॅटचे उपकरण घरच्या २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरहून कमी प्रवाह ओढते. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवले तर प्रवाह ९० अँपिअरच्या घरात जातो. प्रवाह वाढला की तार तापते, आणि तार तापण्याचे प्रमाण प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणून तांब्याची जाड तार, घट्ट दाबलेली टोके, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत योग्य क्षमतेचा फ्यूज या तीन गोष्टींशिवाय एकही जोडणी करू नये. धानाची कापणी झाल्यावर शेतातले उंदीर उबेला आणि आडोशाला येतात व उभ्या गाडीतील तारांचे वेष्टन कुरतडतात. हिवाळ्यात गाडी पुन्हा काढण्यापूर्वी तारा डोळ्यांनी तपासणे या भागात म्हणूनच अगत्याचे असते.

सर्वांत गंभीर विषय गॅसचा आहे. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण; त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ही सगळी सुरक्षाव्यवस्था नाकावर उभी आहे, आणि वयाबरोबर जी ज्ञानेंद्रिये मंदावतात त्यांत घ्राणेंद्रिय असे आहे की त्याची उतरण स्वतःला सहसा कळतच नाही. कानांचेही तसेच : आधी ऐकू येईनासे होतात ते उंच पट्टीचे आवाज, आणि गॅस सुटल्याची फुसफुस व सैल पट्ट्याची किरकिर याच पट्टीत येतात. त्यातच हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो खाली बसतो आणि गाडीच्या जमिनीवर, पलंगाखाली, साचतो. यावरून तीन गोष्टी ओघानेच येतात. गॅसशोधक यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवावे. सिलिंडर झोपण्याच्या जागेत कधीही ठेवू नये. आणि शक्य तेथे चूल गाडीबाहेरच मांडावी. कार्बन मोनॉक्साइडचा धोका याहून निराळा आहे, कारण त्याला वास, रंग वा चव काहीच नसते. बंद जागेत जळणारी शेगडी, कोळसा किंवा चालू इंजिन यांतून तो निर्माण होतो, रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. डिसेंबरच्या थंडीत उबेसाठी गाडीत शेगडी नेणे हा आत्मघात आहे. कार्बन मोनॉक्साइडचा शोध घेणारे वेगळे यंत्र उशीच्या उंचीवर असावे.

छंदाची गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त, त्यामुळे तिची झीज किलोमीटरने न मोजता महिन्यांनी मोजावी लागते. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते, तिचे पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होते व भेगाळते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते : ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांना उकळते, तर ओलावा मुरलेले १४० अंशांच्या आसपास, आणि उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. भंडाऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात दर दोन वर्षांनी ते बदलणे योग्य. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. तेही पाणी ओढते, म्हणून कार्बुरेटरच्या जुन्या गाडीची टाकी पावसाळाभर अर्धवट भरून ठेवू नये आणि इंधनाच्या रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात.

कोणते काम दुसऱ्याच्या हाती द्यावे हेही ठरवून ठेवणे शहाणपणाचे आहे. स्टीअरिंगचे सांधे, पाटे-स्प्रिंग, क्लच, गाडीखालचे वेल्डिंग आणि एअरबॅग ही कामे जोराची, गाडीखालची किंवा चुकीला क्षमा नसलेली असल्याने महामार्गावरच्या जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावीत. स्वतःकडे निदान, विद्युत जोडणी, कार्बुरेटर, सुतारकाम, तपासण्या आणि नोंदवही ठेवावी. नोंदवहीला गौण समजू नये. कोणता नट किती पिळाने आवळला, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, कोणती तार कोणत्या फ्यूजवर गेली हे लिहिलेले असले की आठवणीवरचा भार हलका होतो आणि ते ज्ञान पुढच्या हातांना मिळते. आयटीआयमध्ये शिकणारा शेजारचा मुलगा गाडीखाली सहज जाऊ शकतो, पण आवाजावरून बिघाड ओळखणे त्याला अजून येत नसते. निवृत्त दुरुस्तीकाराने आणि त्याने मिळून केलेले काम एकट्याच्या कामाहून चांगले होते, आणि जड वस्तू उचलताना कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावे ही सुरक्षेची अटही त्यात पुरी होते.

पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ही तपासणी केवळ शिक्क्यापुरती न करता नजर, कान, मानेची हालचाल आणि रात्रीचे दिसणे डॉक्टरांकडून खरोखर तपासून घ्यावे, आणि उत्तर प्रतिकूल आले तर चालकाची जागा मुलाला, सुनेला किंवा नातवंडाला द्यावी. हा परवाना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी लागतो. अंगणातल्या बाकावर स्वतःच्या गाडीचा कार्बुरेटर साफ करण्यासाठी कायद्याने वयाची कोणतीही मर्यादा घातलेली नाही.